केसपेपरवर ‘सकाळपासून’ लिहू नका: मुंबईतल्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना खुलं पत्र

डॉक्टर मंडळी, नमस्कार.

हे पत्र मुंबईत रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत उभे असणाऱ्या सगळ्यांना आहे, मग ते म्युन्सिपाल्टीचं मोठं हॉस्पिटल असो नाहीतर पेट्रोल पंपामागचं पंधरा खाटांचं नर्सिंग होम. आरएमओ, इंटर्न, ऑर्थो आणि मेडिसिनचे रेसिडेंट, सगळे आले यात, आणि एमआरआय सेंटरच्या काउंटरवर बसणारे तर खास आले. कुणाचं नाव घेणार नाही, भांडायचं ते मी त्या दिवशी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या भरपूर भांडून घेतलंय. मागणं एकच आहे पण ते का मागतेय हे कळायला आधी माझी स्टोरी ऐकावी लागेल, जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी ३६ वर्षांची, विक्रोळीला राहते, अंधेरीला एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. बीपी नाही, शुगर नाही, मिश्रीसुद्धा कधी लावली नाही. मागच्या जूनमध्ये एका मंगळवारी ऑफिसचा पाणी लावणारा मुलगा आला नव्हता, सगळे नुसते रिकाम्या बाटल्या घेऊन फिरत होते, म्हणून मीच तो वीस लिटरचा जार उचलला आणि डिस्पेन्सरवर उलटा केला. करताना खांद्यांच्या पात्यांमध्ये एक बारीक चमक गेली, मला वाटलं उसण भरली. ग्रुपवर मेसेज टाकला, ‘जार लावलाय, आता समोसे कोण देतंय’. मग दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही, मी मजेत जीएसटीचं काम करत बसले होते. मग छातीभोवती कोणीतरी पट्टा आवळतंय असं दुखायला लागलं, मग पाय जड, मग पाय कापसाचे, आणि वॉशरूमला जायला उठले तर पाय खाली आहेत की नाहीत तेच कळेना, तिथेच खुर्चीशेजारी बसकण मारली. ऑफिसच्या मुलांनी खुर्चीसकट उचलून लिफ्टने खाली आणलं आणि रिक्षात घातलं.

जवळच्या नर्सिंग होममध्ये ईसीजी काढला, छान आला. तिथल्या डॉक्टरांनी चेहरा बघितला, हात वर करायला लावले, नाव-गाव विचारलं. भिंतीवर स्ट्रोकचं पोस्टर होतं, चेहरा वाकडा, हात लुळा, बोबडी वळलेली, वेळ घालवू नका वगैरे. माझा चेहरा सरळ, दोन्ही हात वर, आणि बोलणं इतकं स्पष्ट की मी ऑफिसातल्या पोरांना ओरडून सांगत होते की माझा लॅपटॉप लॉक करा. म्हणजे पोस्टरप्रमाणे मी नापास. मग त्यांनी मांडीला जोरात चिमटा काढला, मला काही कळलं नाही. आणि तेवढ्यात मांडीवर ठेवलेला माझा मोबाइल व्हायब्रेट झाला आणि मी म्हणाले, ‘फोन येतोय, नवऱ्याचा असेल, घ्या ना कुणीतरी.’

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं ना, ती नजर मी विसरणार नाही. चिमटा कळत नाही आणि फोन कळतो? बाईंना काय हवंय मग? नवरा विक्रोळीहून लिंक रोडचं ट्रॅफिक तुडवत पोचला तर त्याला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही टेन्शन आहे का, सासू-सुनेचं वगैरे. केसपेपरवर लिहिलं, दोन्ही पायात सकाळपासून अशक्तपणा, आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून ‘फंक्शनल’. म्हणजे मराठीत नाटक. थोडं सभ्य भाषेत.

आता दुखणं पायात आहे म्हणून एमआरआय कुठला काढला, तर कंबरेचा. कंबर एकदम फर्स्ट क्लास आली. माझं बधिरपण छातीच्या खालपासून सुरू होत होतं, हे मी तीन जणांना सांगितलं, पण टाचणी घेऊन कुठपासून कळत नाही ते वरून खाली तपासून बघायला कोणाला सुचलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे हो. संध्याकाळी एका सिस्टरच्या लक्षात आलं की बाई सकाळपासून लघवीलाच गेलेली नाही, पोटावर हात लावून बघितलं तर ब्लॅडर नारळासारखं टणक. कॅथेटर टाकल्या टाकल्या ९०० एमएल आलं. पाय गेले, छातीखाली बधिर आणि लघवी अडकली, एवढं एकत्र असलं की गडबड स्पायनल कॉर्डमध्ये, म्हणजे मणक्यातून खाली जाणाऱ्या मज्जारज्जूत, असायची शक्यता सगळ्यात जास्त, कंबरेच्या गादीत नाही, हे मला आता पाठ झालंय, तेव्हा मला वाटलं की एसीमुळे लघवी लागली नसेल.

रात्री मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे सगळ्या मणक्याचा एमआरआय झाला, रिपोर्ट आला, विशेष काही नाही. पाय लुळे, गुडघ्यावर हातोडी मारली तरी उडत नाहीत, म्हणून कोणी म्हणालं जीबीएस, म्हणजे शरीरच स्वतःच्या नसांवर उलटतं तो आजार, कोणी म्हणालं मायलायटिस, म्हणजे कॉर्डला सूज. पाठीतलं पाणी काढलं, तेही जवळजवळ नॉर्मल. दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइडच्या ड्रिप सुरू, रोज एक ग्रॅम, आणि जीबीएस निघाला तर आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी, द्यावं लागेल, खर्च लाखांच्या घरात, तयारी ठेवा. नवरा सोसायटीच्या पतपेढीत जाऊन बसला. माझ्या आईने तोपर्यंत तीन नवस बोलून टाकले होते, त्यातला एक जेजुरीचा आहे जो मी अजून फेडलेला नाही कारण त्या पायऱ्या.

तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला एक रेसिडेंट आली. डोळ्यांखाली काळं, ॲप्रनच्या खिशात बिस्किटाचा पुडा. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, ‘ताई, तुम्ही जार नक्की किती वाजता लावला?’ मी म्हटलं, सकाळी. ती म्हणाली, सकाळी नको, वाजले किती ते सांगा. मी घड्याळ कुठे बघितलं होतं, पण तिनेच सुचवलं, मोबाइल काढा. समोशांचा मेसेज १०:३५. नवऱ्याला मेसेज, ‘पाठीत उसण भरलीय, येताना बाम आण’, १०:५२. आणि ‘पाय उचलत नाहीत रे’ म्हणून केलेला कॉल ११:२०. तिने तिन्ही वेळा तळहातावर पेनने लिहून घेतल्या. पाऊण तास, असं स्वतःशीच म्हणाली. तीन दिवसांत तोपर्यंत मला सतरा जणांनी तपासलं असेल, प्रत्येकाने हे ‘सकाळपासून’ आधीच्या कागदावरून पुढच्या कागदावर उतरवलं होतं.

मग तिने टाचणी घेतली. पोटावर, मांडीवर, पावलावर, काही नाही. मग तो चिमट्यासारखा वाजणारा काटा असतो ना, ट्यूनिंग फोर्क, तो ठोकून घोट्यावर ठेवला आणि मला गुणगुण कळली. अंगठा वर केलाय की खाली ते डोळे मिटून सांगता आलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, मॅडम मला मोबाइलपण कळत होता, खोटं नाही बोलत. तर ती हसली आणि म्हणाली, ‘तेच तर पाहिजे होतं मला.’

तिने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या जुन्या बिल्डिंगला पाण्याची एक मोठी लाइन पुढून यायची आणि मागे संडासांना दोन बारक्या वेगळ्या लाइनी होत्या. कॉर्डचं तसंच. पुढच्या दोन तृतीयांश भागाला उभी एकच रक्तवाहिनी, मागच्या एक तृतीयांशाला दोन. पाय हलवायचा हुकूम आणि टोचणं-चटका यांचे निरोप पुढच्या भागातून जातात, व्हायब्रेशन आणि पाय कुठे आहे याचा अंदाज मागच्या भागातून. पुढची लाइन तुंबली की पाय जातात, टाचणी कळत नाही, पण फोन कळतो. म्हणजे जो पुरावा बघून पहिल्या डॉक्टरांनी मला नाटकी ठरवलं, तोच पुरावा होता की माझ्या कॉर्डला स्ट्रोक आलाय. आणि त्या पुढच्या लाइनला वाटेत बाहेरून फीडर येऊन मिळतात, त्यातला सगळ्यात मोठा बहुतेकांत डावीकडून, छातीच्या शेवटच्या चार मणक्यांच्या आसपास, त्याला ॲडमकिविझची धमनी म्हणतात, एकोणिसाव्या शतकात शोधणाऱ्याच्या नावावरून. छातीच्या मधल्या भागाला प्रेशर कमीच, शेवटच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडासारखं, आणि माझं नेमकं तिथेच गेलं.

आणि वेळ. २००२ साली मायलायटिसचे जे निकष ठरले त्यात आजार पूर्ण वाढायला ४ तास ते २१ दिवस लागतात असं धरलंय. जीबीएससुद्धा दिवसादिवसाने चढतो. पाऊण तासात दोन्ही पाय संपूर्ण गेले तर सूज येऊन गेले हे म्हणायला वेळच पुरत नाही, आधी रक्तवाहिनीचाच विचार करायचा. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या लोकांनी कॉर्डच्या स्ट्रोकचे १३३ पेशंट अभ्यासून निकष मांडले, त्यात पण पहिली अट वेळेचीच आहे, १२ तासांच्या आत जोरात वाढ. हे सगळं तुमच्या केसपेपरवरच्या एका शब्दाने पुसलं जातं. सकाळपासून म्हणजे काय? उठले तेव्हापासून? हळूहळू? की १०:३५ ते ११:२०?

रिफ्लेक्स गेले म्हणून जीबीएस म्हणणाऱ्यांना दोष नाही देत, कॉर्डला अचानक मार बसला की सुरुवातीला पाय लुळेच पडतात, कडकपणा नंतर येतो, मला आता इतका आहे की थंडीत पाय आपोआप लाथ मारतो, नवऱ्याला दोनदा बसलीय. आणि पहिल्या दिवसाचा एमआरआय साफ येणं हेपण होतं. चौथ्या दिवशी डिफ्युजन घालून, म्हणजे रक्त न मिळालेला भाग उठून दिसतो त्या पद्धतीने, परत काढला तेव्हा उभ्या फिल्मवर कॉर्डच्या पुढच्या बाजूला पेन्सिलने मारल्यासारखी पांढरी रेघ, आडव्यात दोन पांढरे ठिपके, त्याला म्हणे घुबडाचे डोळे म्हणतात. मला दाखवले. खरंच घुबड.

इथे बरेच जण थांबतात. डायग्नोसिस झालं, स्पायनल स्ट्रोक, ॲस्पिरिन घ्या, फिजिओ करा, देवाची मर्जी. माझी रेसिडेंट थांबली नाही, आणि खरं सांगायचं तर हे पत्र मी त्यासाठी लिहितेय. ती म्हणाली, स्ट्रोक हे उत्तर नाही, पुढचा प्रश्न आहे. ३६ व्या वर्षी, बीपी-शुगर नसताना, का?

मग ती मागे लागली. दोन्ही हातांचं बीपी वेगवेगळं मोजलं आणि छाती-पोटाची सीटी अँजिओ केली, कारण महाधमनीचा आतला पदर फाटला की पाठीत अशीच कळ येते आणि कॉर्डचे फीडर बंद पडतात, आणि ते सुटलं नजरेतून तर माणूसच जातो, पाय राहिले बाजूला. मानेच्या धमन्या बघितल्या, तिथेही पदर फाटू शकतो. हृदयाचा इको केला, आत गाठ किंवा झडपेवर इन्फेक्शन असेल तर तिथून गुठळी उडते. रक्तात ल्युपस, सिफिलिस, सिकलसेल, आणि एनएमओ म्हणून कॉर्ड आणि डोळ्यांच्या नसा सुजवणारा आजार असतो त्याची अँटिबॉडी. टीबीसाठी परत पाठीतलं पाणी तपासलं, कारण टीबीत मणका किडतो हे मुंबईत रिक्षावाल्यालाही माहीत आहे पण टीबीचा मेनिंजायटिस रक्तवाहिन्यांनाही सुजवतो आणि त्याने स्ट्रोक येतो हे पटकन आठवत नाही. नागीण येऊन गेली का विचारलं. पाठीत किंवा मानेत दुखण्याचं इंजेक्शन घेतलं होतं का विचारलं, कारण त्या स्टेरॉइडचे कण चुकून धमनीत गेले तर हेच होतं, अमेरिकेच्या एफडीएने २०१४ साली त्याबद्दल वॉर्निंग दिलेली आहे आणि आपल्याकडे तर कोपऱ्याकोपऱ्यावर पेन क्लिनिक. समुद्रात खोल डायव्हिंग केलं का? पाठ मागे वाकवून खूप वेळ राहिलात का? मला हसू आलं, म्हटलं मॅडम मी अकाउंट्समध्ये आहे. तर म्हणाली, सर्फिंग शिकणाऱ्या नवख्या लोकांचे फळीवर पालथं पडून मान-पाठ मागे ताणून ताणून पाय गेलेत, २००४ मध्ये हवाईतून पहिल्यांदा लिहून आलं, धडधाकट तरुण पोरं सगळी.

एक प्रश्न तिने सगळ्यांना बाहेर काढून विचारला. कधी मिसकॅरेज झालंय का? दिवसा राउंडला हाच प्रश्न सासूबाईंसमोर विचारला होता तेव्हा आईने परस्पर ‘नाही’ सांगून टाकलं होतं. झालं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, घरात कोणालाच सांगितलं नव्हतं, आई आणि नवरा सोडून. ती म्हणाली, याचा अर्थ काही असेलच असं नाही, पण रक्त गोठवणाऱ्या अँटिबॉडी असतात, अँटिफॉस्फोलिपिड, त्यात असं होतं आणि त्या निघाल्या तर गोळी वेगळी, आयुष्यभराची. टेस्ट निगेटिव्ह आली. बारा आठवड्यांनी परत केली, परत निगेटिव्ह. पण प्लीज, बायकांना हे प्रश्न एकटीला विचारत जा. पडदा ओढून होत नाही, पडद्याला कान असतात.

सगळं साफ आल्यावर राहिला तो जार. जोर लावताना डिस्कमधल्या, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीतल्या, मऊ गराचा बारीक कण रक्तवाहिनीत शिरतो आणि कॉर्डची लाइन बंद करतो. फायब्रोकार्टिलेजिनस एम्बोलिझम, हे नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले. माणसात पहिल्यांदा १९६१ साली नोंदवलं गेलं. माझं त्या जागेच्या शेजारचं एक डिस्क बसलेलं होतं, जोर लावल्यावर थोडा वेळ ठीक, मग दुखणं, मग पाय, सगळी लक्षणं तशीच. पण डिस्चार्ज कार्डवर तिने ‘बहुतेक’ लिहिलं. मी विचारलं बहुतेक का, तर म्हणाली, पक्कं सांगायला त्या रक्तवाहिनीत डिस्कचा कण मायक्रोस्कोपखाली दिसावा लागतो आणि त्यासाठी पेशंट मेलेला लागतो, तुम्ही जिवंत आहात म्हणून बहुतेक. मला हे उत्तर जाम आवडलं. गंमत म्हणजे हाच आजार कुत्र्यांमध्ये चांगला ओळखीचा आहे, खेळता खेळता धावताना मोठ्या जातीच्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक जातात आणि जनावरांचे डॉक्टर हे नाव लगेच घेतात. म्हणजे मी लॅब्राडोर असते तर कदाचित पहिल्याच दिवशी निदान झालं असतं.

तुम्ही म्हणाल, बाई, निदान लवकर झालं असतं तरी पाय वाचले असते का? बहुतेक नसते. कॉर्डच्या स्ट्रोकला मेंदूसारखं साडेचार तासांत इंजेक्शन देऊन मोकळं करायचं पक्कं औषध अजून नाही, बीपी पडू न देणं, ब्लॅडर, बेडसोर आणि पायात गुठळी होणार नाही हे बघणं, आणि फिजिओ. मग एवढा आटापिटा कशाला? कशाला ते मला वॉर्डात नाही, रिहॅबमध्ये कळलं.

तिथे माझ्या शेजारच्या मॅटवर एक काका होते, एकसष्टीचे, गिरगावातले, बेस्टमधून रिटायर. त्यांचं माझ्या उलट, सगळं हळूहळू. आधी चर्नी रोड स्टेशनपर्यंत चाललं की पाय भरून यायचे, बाकड्यावर बसलं की बरं. सगळ्यांनी सांगितलं नस दबलीय, वयाचं आहे, कंबरेच्या एमआरआयमध्ये साठीला काहीतरी दबलेलं निघतंच. बेल्ट झाला, ट्रॅक्शन झालं, आयुर्वेद झाला, केरळी तेल झालं. मग लघवी अडायला लागली तर प्रोस्टेट. वर्षभर असं गेलं. मग कोणीतरी छातीचा एमआरआय काढला, कॉर्ड सुजलेली दिसली, मायलायटिस म्हणून स्टेरॉइड दिलं आणि तिसऱ्या दिवशी काकांचे पाय पूर्ण गेले.

काकांना स्ट्रोक नव्हता तसा, पण त्याचाच चुलतभाऊ होता. ड्युरल फिस्टुला. कॉर्डच्या बाहेरच्या आवरणात एक बारकी धमनी थेट शिरेला जोडली जाते, शिरेत धमनीचं प्रेशर घुसतं, कॉर्डमधलं वापरलेलं रक्त बाहेर पडू शकत नाही आणि कॉर्ड तुंबत तुंबत मरत जाते. पाणी येत नाही असं नाही, गटार तुंबलंय. पन्नाशी-साठीच्या पुरुषांत जास्त. चाललं की वाढतं. आणि यात स्टेरॉइड दिलं की बिघडू शकतं, हे लिहून ठेवलेलं आहे. सगळ्यात चीड येते ती याची की हे दुरुस्त करता येतं. डीएसए, म्हणजे रक्तवाहिन्यांत डाय सोडून एक्सरे, करून जागा शोधायची आणि एकतर आतून ग्लू सोडून बंद करायचं नाहीतर छोटं ऑपरेशन करून ती शीर कापायची. काकांचं तेच झालं, वर्ष उशिरा. आता वॉकर घेऊन पंचवीस पावलं टाकतात, मोजतात मोठ्याने, आणि सव्वीसावं टाकायच्या आधी फिजिओला शिवी देतात. त्यांच्या जुन्या फिल्मवर कॉर्डच्या मागे काळ्या वेटोळ्या रेघा होत्या, फुगलेल्या शिरा त्या, पहिल्यापासून होत्या. नंतर बघितल्यावर सगळ्यांना दिसल्या.

फिस्टुला दुर्मिळ आहे हो, मान्य. दहा लाखांत वर्षाला पाच ते दहा जण असा आकडा सांगतात. पण मी अकाउंट्समध्ये आहे ना, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख. म्हणजे ढोबळमानाने वर्षाला साठ ते सव्वाशे माणसं, दर आठवड्याला एक-दोन, याच शहरात, कुठल्यातरी ओपीडीत नस दबलीय म्हणून बेल्ट बांधून घेतायत. आणि कॉर्डचे स्ट्रोक सगळ्या स्ट्रोकमध्ये शंभरात एखादा धरला तरी मुंबईत स्ट्रोक काय थोडे येतात का?

तर मागणं हे. दोन्ही पाय गेलेला माणूस आला की केसपेपरवर वेळ लिहा. घड्याळाची. पहिली कळ किती वाजता, पाय जड किती वाजता, उभं राहता येईना किती वाजता, आणि तेव्हा तो काय करत होता. पेशंटला आठवत नसेल तर मोबाइल उघडायला सांगा, मुंबईत माणूस मरायच्या आधी दोन मेसेज टाकतो. त्या वेळेवर पुढचं सगळं ठरतं, मिनिटं-तासांत गेले तर रक्तवाहिनी, दिवसांत गेले तर सूज, महिने घेतले आणि चालल्यावर वाढतंय तर फिस्टुला किमान आठवा तरी. टाचणी वरून खाली फिरवा, फोर्क नसेल तर मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून घोट्यावर लावा, अगदी शास्त्रोक्त नाही पण माझ्यावर चाललं. लघवी कधी केली विचारा. दबाव आहे का ते बघायला एमआरआय तसाही त्याच दिवशी लागतो, रक्त साठलं असेल, पू असेल, डिस्क सरकली असेल तर ऑपरेशनला तास मोजके असतात, तेव्हा काढताय तर सगळा मणका काढा, डिफ्युजन मागा. साफ आला आणि माणूस तरी हलत नाही तर दोन-तीन दिवसांनी परत काढा, त्याला नाटकी म्हणू नका.

एमआरआय सेंटरवाले दादा आणि ताई, तुमच्यासाठी वेगळं. चिठ्ठीवर कंबर लिहिलंय आणि टेबलावरचा माणूस म्हणतोय की छातीपासून खाली कळत नाही, तर एक फोन करा ना त्या डॉक्टरांना. माझ्या वेळी टेक्निशियनने मला विचारलं होतं, ‘मॅडम बधिर कुठून आहे?’ मी दाखवलं छातीवर हात ठेवून. तो ‘बरं’ म्हणाला आणि कंबर काढली, कारण पैसे कंबरेचे भरले होते. त्याची चूक नाही म्हणत, त्याला कोणी सांगितलंच नसेल की त्याला विचारायचा हक्क आहे.

स्टेरॉइड वाईट असं माझं म्हणणं मुळीच नाही, वॉर्डात माझ्यासमोरच्या मुलीला एनएमओ होता, तिला ते वेळेत मिळालं म्हणून ती चालत घरी गेली, तिथे थांबणं हाच गुन्हा झाला असता. मी इतकंच म्हणते की लावायच्या आधी फिल्मवर त्या काळ्या वेटोळ्या आहेत का ते एकदा बघा, आणि लावल्यावर बिघडलं तर डोस वाढवायच्या आधी निदान बदला.

तुमच्यावर किती लोड असतो ते मी पंचवीस दिवस झोपून बघितलंय. माझ्या रेसिडेंटने त्या रात्री तिसऱ्यांदा बिस्किटाचा पुडा उघडला आणि तिसऱ्यांदा कॉल आला, तो पुडा ती माझ्या उशाशी विसरून गेली, सकाळी मावशींनी खाल्ला. त्या गडबडीत तिने स्टूल ओढून वीस मिनिटं दिली. सगळ्यांनी वीस द्यावीत असं नाही म्हणत, वेळ विचारायला अर्धं मिनिट लागतं.

माझं सध्या असं आहे की उजव्या पायाला स्प्लिंट, हातात वॉकर, लघवी निम्मी आपोआप आणि निम्मी दिवसातून चारदा कॅथेटर घालून. ऑफिसने घरून काम दिलंय. गरम पाणी पायावर अजून कळत नाही, म्हणून आंघोळीच्या आधी हाताने बघते. माझी सगळी फाइल, सगळ्या फिल्म, अगदी ते ‘फंक्शनल’ लिहिलेलं पानसुद्धा स्कॅन करून ठेवलंय, कुठल्या कॉलेजात पोरांना शिकवायला हवं असेल तर नाव खोडून देईन. त्या पानावर ‘सकाळपासून’च्या शेजारी मी लाल पेनने १०:३५ लिहिलंय, ते तेवढं खोडू नका.

तुमची,
विक्रोळीची एक पेशंट